येहूची तलवार, रिस्पाचे गोणपाट

८ जुलै १०९९. जेरुसलेमच्या तटाबाहेर एक विलक्षण मिरवणूक निघाली होती. तीन वर्षांपूर्वी युरोपातून निघालेले, लढत, उपासमार सोसत इथवर आलेले क्रूसेडचे सैनिक अनवाणी पायांनी शहराला फेरी घालत होते. धर्मगुरूंच्या हातात क्रूस आणि संतांचे अवशेष होते. तटावर उभे राहून शहरातले लोक त्यांची टर उडवत होते. ही कल्पना क्रूसेडवाल्यांनी जुन्या करारातल्या यहोशवाच्या पुस्तकातून घेतली होती. यरीहोच्या भिंती जशा फेऱ्या मारून कोसळल्या, तशा याही कोसळतील, अशी त्यांची श्रद्धा. भिंती जागच्या हलल्या नाहीत. मग आठवड्याने, १५ जुलैला, लाकडी बुरुज तटाला भिडवून सैनिक आत घुसले आणि त्यांनी शहरातल्या मुसलमान आणि यहुदी रहिवाशांची कत्तल केली.

यहोशवाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय संडे स्कूलला गेलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. सहा दिवस रोज एक फेरी, सातव्या दिवशी सात, याजकांच्या रणशिंगांचा आवाज, लोकांचा जयघोष आणि भिंत जमीनदोस्त. मुलांना गोष्ट इथपर्यंतच सांगतात. एकविसाव्या वचनात पुढचे आहे. शहरातले स्त्री-पुरुष, तरुण-म्हातारे, एवढेच काय, बैल, मेंढरे आणि गाढवेसुद्धा तलवारीला बळी पडली, असे तिथे सरळ लिहिले आहे.

आणि हे एकच उदाहरण नाही. पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात संदेष्टा शमुवेल राजा शौलाला देवाच्या नावाने अमालेकी लोकांचा समूळ नाश करायला सांगतो. त्यात तान्ही मुलेही आली. शौल त्यांच्या राजाला, अगागला, जिवंत ठेवतो आणि चांगली गुरे राखून ठेवतो, म्हणून त्याचे राज्य जाते. अगागचे तुकडे म्हातारा शमुवेल स्वतः करतो. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरल्यावर एलिया बआलाच्या संदेष्ट्यांना किशोन ओहोळाकाठी नेऊन ठार करतो. बआलाचे साडेचारशे संदेष्टे असल्याचे त्याच अध्यायात आधी सांगितलेले आहे. इफ्ताह नावाचा शास्ता युद्ध जिंकल्यावर नवसापायी आपल्या एकुलत्या एका मुलीचा बळी देतो. हे सगळे इस्राएलचे पुढारी आहेत आणि ख्रिस्ती माणूस त्यांना आपल्याच श्रद्धेचे पूर्वज मानतो.

त्याच ख्रिस्ती माणसाचा गुरू शत्रूवर प्रीती करायला सांगतो. गेथसेमानेच्या बागेत शिष्याने उपसलेली तलवार म्यानात घालायला लावतो. एकाच पुस्तकाच्या दोन टोकांना असलेल्या या दोन गोष्टींचा मेळ घालायचा कसा, हा प्रश्न चर्चच्या जन्माइतकाच जुना आहे. त्याची उत्तरे शोधताना काहींनी फार थोर विचार केला आणि काहींच्या हातून फार मोठे गुन्हे घडले. म्हणूनच हा प्रश्न पंडितांवर सोडून देता येत नाही.

सर्वांत सोपे उत्तर मार्कियनने दिले. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपे गावचा हा माणूस दुसऱ्या शतकात रोमला आला. त्याचे म्हणणे असे की, जुन्या करारातला देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, तेव्हा जुना करार फेकून द्यावा. इ.स. १४४च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले. हा निर्णय योग्यच होता. यशयाची आणि स्तोत्रांची पाने फाडली तर येशूही हातातून निसटतो, कारण तो बोलतो ते याच ग्रंथांच्या भाषेत. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा तो लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातून उचलतो आणि त्याच अध्यायात परक्यावरही तशीच प्रीती करायला सांगितले आहे. तरीही मार्कियन मेला नाही. जुन्या करारातला देव रागीट आणि नव्यातला प्रेमळ, हे वाक्य आजही कितीतरी ख्रिस्ती घरांत सहज बोलले जाते आणि त्यातून यहुदी धर्माविषयी नकळत तुच्छता पसरते.

दुसरे उत्तर ओरिगेनचे. तिसऱ्या शतकाच्या मध्याला पॅलेस्टाइनमधल्या कैसरियात त्याने यहोशवाच्या पुस्तकावर प्रवचने दिली. ती आज रुफिनसच्या लॅटिन भाषांतरात वाचायला मिळतात. ओरिगेन म्हणतो की, या लढाया आत्म्याच्या लढाईची चिन्हे नसत्या, तर शांती शिकवायला आलेल्या ख्रिस्ताच्या शिष्यांनी ही पुस्तके चर्चमध्ये वाचायला दिलीच नसती. कनानी राजे म्हणजे आपल्या मनात तळ ठोकून बसलेला क्रोध, लोभ आणि गर्व. त्यांच्यातला एकही जिवंत ठेवायचा नाही. हे सुचलेला माणूस हिंसेला अपरिचित नव्हता. तो सतरा-एक वर्षांचा असताना त्याच्या वडिलांना श्रद्धेपायी ठार मारण्यात आले होते आणि म्हातारपणी डेसियस बादशहाच्या छळात त्यानेही तुरुंग आणि यातना भोगल्या. ज्याच्या हाती तलवार नव्हती आणि मानेवर मात्र होती, अशा माणसाचे हे वाचन आहे.

चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने मिसरातल्या प्रथम जन्मलेल्या बाळांच्या मृत्यूबद्दल असाच प्रश्न विचारला. अपराध राजाचा आणि शिक्षा तान्ह्या बाळाला, यात न्याय कुठे? ग्रेगरीनेही अखेर आध्यात्मिक अर्थाचाच आसरा घेतला, की पाप बाल्यावस्थेतच मारावे. त्याने काढलेल्या अर्थापेक्षा त्याने विचारलेला प्रश्न मोलाचा आहे. चर्चचा एक मान्यवर आचार्य सोळाशे वर्षांपूर्वी पवित्र शास्त्रासमोर उभा राहून हे न्यायाला धरून दिसत नाही असे म्हणतो आणि त्याला कोणी पाखंडी ठरवत नाही. ज्या भाविकांना असा प्रश्न मनात आल्यानेच अपराधी वाटते, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

पण रूपकाने गोष्टीतले मृत जिवंत होत नाहीत. यरीहोत माणसे मेली असतील, तर ती कुणाच्या लोभाची किंवा गर्वाची प्रतीके म्हणून मेली नाहीत.

तिसरे उत्तर कठोर आहे आणि प्रोटेस्टंट परंपरेत ते खोल रुजले आहे. जॉन कॅल्विनने १५६४ साली, आयुष्याच्या अखेरीस, यहोशवावर भाष्य लिहिले. वय-लिंग न पाहता केलेली ही कत्तल अमानुष वाटली असती, पण ती देवाच्या आज्ञेने झाली म्हणून आपण गप्प राहावे, असा त्याचा सूर आहे. देव जीवन देतो, तोच ते काढून घेऊ शकतो. कनानी लोकांच्या पापाचा घडा भरेपर्यंत त्याने चारशे वर्षे वाट पाहिली, असा आधार उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातून दिला जातो. या मांडणीतली एक गोष्ट खरी आणि महत्त्वाची आहे. बायबलमध्ये न्याय कुठल्या एका जातीच्या बाजूने उभा राहत नाही. अनुवादच्या नवव्या अध्यायात इस्राएलला बजावले आहे की, ही भूमी तुम्हाला तुमच्या चांगुलपणामुळे मिळत नाही. यरीहोच्या आदल्या प्रसंगात यहोशवाला नंगी तलवार घेतलेला पुरुष भेटतो. तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या, असे विचारताच तो कुठलीच बाजू घ्यायला नकार देतो. यरीहोतली कनानी वेश्या राहाब वाचते आणि यहूदा वंशातला आखान लुटीतला माल दडवल्याबद्दल मारला जातो. पुढे इ.स.पू. ७२२मध्ये अश्शूरच्या आणि ५८६च्या सुमारास बाबेलच्या हातून तोच न्याय इस्राएल आणि यहूदाच्या वाट्याला आला, असे संदेष्टे निक्षून सांगतात.

तरीसुद्धा तान्ह्या मुलांचा प्रश्न उरतोच. आज्ञा होती म्हणून गप्प राहा, हे उत्तर माणसाच्या हातात दिले की तो त्याचा काय उपयोग करतो, हे २६ मे १६३७ रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये दिसले. मिस्टिक नदीजवळची पीक्वॉट जमातीची वसाहत इंग्रज वसाहतवाल्यांनी घेरून पेटवली. शेकडो माणसे जळून किंवा बाहेर पळताना मारली गेली. त्यांत बायका, मुले आणि म्हातारे बहुसंख्य होते. या मोहिमेतला एक कप्तान, जॉन अंडरहिल, याने पुढच्या वर्षी पुस्तक छापले. ख्रिस्ती माणसांनी जास्त दया दाखवायला नको होती का, असे कुणी विचारील हे त्याला ठाऊक होते. त्यावर त्याने वाचकाला दावीदाच्या लढाया वाचायला सांगितल्या. त्याच्या हातातल्या शास्त्रात डोंगरावरचे प्रवचनही होते. त्याने दावीद निवडला.

इथे पुरातत्त्वाची साक्ष काढावी लागते. आज जेरिको म्हणतात त्या यरीहोजवळच्या तेल अस-सुलतान टेकाडावर १९३०च्या दशकात जॉन गार्स्टँग यांनी खोदकाम केले आणि कोसळलेली भिंत यहोशवाच्या काळातली असल्याचे सांगितले. १९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केन्यन यांनी जास्त काटेकोर पद्धतीने खणले, तेव्हा ती भिंत हजारेक वर्षांनी जुनी निघाली. यहोशवाचा काळ म्हणून साधारण इ.स.पू. तेरावे शतक धरले जाते. त्या काळात तिथे तटबंदीचे मोठे शहर असल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. काही श्रद्धाळू संशोधक ही कालगणना मान्य करत नाहीत, पण बहुतेकांचा कल केन्यन यांच्याकडे आहे. आय या दुसऱ्या शहराची जागा म्हणून जी टेकडी दाखवतात, तीही त्या काळात ओसाडच होती. उलट उत्तरेकडचे हासोर शहर तेराव्या शतकात भीषण आगीत नष्ट झाल्याचे स्पष्ट दिसते, फक्त ती आग कुणी लावली हे दगड सांगत नाहीत.

याहून जास्त उजेड एका काळ्या दगडाने पाडला. १८६८ साली मृत समुद्राच्या पूर्वेला धिबान गावी मोआबचा राजा मेशा याचा शिलालेख सापडला. इ.स.पू. ८४०च्या आसपासचा. पुढच्या वर्षी मालकीच्या भांडणात स्थानिक लोकांनी तो फोडला. सुदैवाने कागदावर त्याचा ठसा आधीच घेतलेला होता आणि तुकडे जोडून तो आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात उभा आहे. त्यात मेशा सांगतो की, आमचा देव कमोश आपल्या भूमीवर रागावला होता म्हणून इस्राएलने आम्हाला दडपले. मग कमोशने मला नबो शहर घ्यायला सांगितले, मी रात्री निघून पहाटेपासून दुपारपर्यंत लढलो आणि सात हजार माणसे, बायका-मुलींसकट, मारून देवाला अर्पण केली. इस्राएल कायमचा नष्ट झाला, असेही तो छाती ठोकून लिहितो.

नावे बदलली तर हा मजकूर यहोशवाच्या पुस्तकात खपून जाईल. देवाचा कोप, देवाची आज्ञा, समूळ नाश आणि पूर्ण विजयाची ललकारी, ही त्या काळच्या राजांची रूढ बोली होती. मिसरचा राजा मर्नेप्ताह यानेही इ.स.पू. १२०८च्या सुमारास इस्राएलचे बीजसुद्धा उरले नाही असे दगडावर कोरून ठेवले. बायबलबाहेर इस्राएलचा हा सर्वांत जुना उल्लेख आणि तो त्याच्या समूळ नाशाचा! त्यानंतर कित्येक शतके इस्राएल नांदत राहिला. बायबलमध्येही तसेच घडते. यहोशवाच्या अकराव्या अध्यायात सगळा देश जिंकलेला असतो आणि शास्ते पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात कनानी लोक गावोगाव तसेच राहत असतात. शौलाने संपवलेले अमालेकी थोड्याच अध्यायांनंतर दावीद राहत असलेले शहर जाळतात. लिहिणाऱ्यांना ही विसंगती दिसत नव्हती, असे मानणे त्यांच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. ही पुस्तके आज आहेत त्या रूपाला बरीच उशिरा, राजवटीच्या अखेरीस आणि बाबेलच्या बंदिवासाच्या काळात आली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे समूळ नाशाच्या या गोष्टींवर अखेरचा हात फिरवणारी माणसे स्वतः हरलेली, घरदार गमावलेली होती. परक्या दैवतांच्या गर्दीत आपण विरघळून जाऊ, या भीतीने ती लिहीत होती.

याने प्रश्न सुटतो असे नाही. सैन्याने कमी माणसे मारली आणि लेखकाने आकडा फुगवला, हे कळून मनाला जरा हलके वाटते, एवढेच. देवाच्या तोंडी ती आज्ञा घातलेली आहे, ती तशीच राहते. खरी वाट बायबलच्या आतच सापडते, कारण हा ग्रंथ आपल्या पुढाऱ्यांच्या रक्ताबद्दल स्वतःशीच वाद घालतो.

येहूचे उदाहरण घ्यावे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचे नववे आणि दहावे अध्याय म्हणजे बायबलमधली सर्वांत वेगवान आणि सर्वांत रक्तबंबाळ कथा. अलीशाने पाठवलेला तरुण संदेष्टा सेनापती येहूला गुपचूप अभिषेक करून पळून जातो. येहू रथ भरधाव हाकत इज्रेलला येतो, राजा योरामच्या पाठीत बाण मारतो, राणी ईजबेलला खिडकीतून खाली टाकायला लावतो. मग अहाबाच्या सत्तर मुलांची मुंडकी टोपल्यांतून येतात आणि वेशीपाशी त्यांचे दोन ढीग रचले जातात. यहूदाच्या राजाचे बेचाळीस नातेवाईक वाटेत कापले जातात. बआलाच्या भक्तांना उत्सवाचे आमंत्रण देऊन देवळात कोंडून मारले जाते. या सगळ्याबद्दल त्याच पुस्तकात देव येहूला शाबासकी देतो आणि त्याच्या चार पिढ्या गादीवर बसतील असे वचन देतो.

शंभरेक वर्षांनी, त्याच घराण्याच्या राज्यात, होशेय संदेष्टा उभा राहतो. त्याच्या पहिल्या मुलाचे नाव देव इज्रेल ठेवायला सांगतो, कारण इज्रेलमध्ये सांडलेल्या रक्ताबद्दल येहूच्या घराण्याला जाब द्यावा लागणार आहे. एका पुस्तकात ज्याचे बक्षीस मिळाले, त्याचाच दुसऱ्या पुस्तकात गुन्हा म्हणून हिशेब मागितला जातो. धर्मग्रंथ संपादित करणाऱ्यांनी यातले एक पान काढून टाकले असते, तर कुणाला पत्ता लागला नसता. त्यांनी दोन्ही ठेवली. देवाच्या नावाने सत्ता घेणाऱ्या येहूची पुढची गत इतिहासानेही नोंदवली आहे. १८४६ साली निमरूदला सापडलेल्या आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या काळ्या स्तंभावर अश्शूरच्या राजाच्या पायाशी कपाळ टेकवलेली एक आकृती कोरली आहे. ती येहूची किंवा त्याच्या वकिलाची आहे, असे शेजारच्या मजकुरावरून दिसते.

दावीदाच्या बाबतीत हा जाब त्याच्या हयातीतच मागितला जातो. बथशेबाचा नवरा उरिया याला त्याने रणात मरायला पाठवले आणि नाथान संदेष्ट्याने त्याच्या तोंडावर त्याला खुनी ठरवले. प्राचीन जगात राजाच्या दरबारातून असा मजकूर टिकून राहणे दुर्मीळ होते. मेशाच्या दगडावर मेशाची एकही चूक नाही. पुढे मंदिर बांधायची इच्छा धरलेल्या दावीदाला देव नकार देतो आणि इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात त्याचे कारण सांगितले आहे: त्याने फार रक्त सांडले होते. त्या लढायांपैकी कितीतरी देवाला विचारून केलेल्या होत्या, तरीही.

आणि मग रिस्पा. दुसऱ्या शमुवेलाचा एकविसावा अध्याय. देशात तीन वर्षे दुष्काळ पडला. शौलाने गिबोनी लोकांची कत्तल केली होती, त्याचा हा दोष, असे ठरले. गिबोनी लोकांनी शौलाच्या वंशातले सात पुरुष मागितले आणि दावीदाने दिले: शौलाच्या उपपत्नीचे, रिस्पाचे, दोन मुलगे आणि शौलाच्या मुलीचे पाच. त्यांना डोंगरावर मारून प्रेते उघड्यावर सोडली. जवाच्या कापणीची सुरुवात होती ती. रिस्पाने एक गोणपाट घेतले, खडकावर अंथरले आणि ती तिथे बसली. दिवसा घारी-गिधाडे हाकली, रात्री श्वापदे. पाऊस पडेपर्यंत. पॅलेस्टाइनमध्ये जवाची कापणी वसंतात होते आणि पावसाळा शरदात सुरू होतो. पाऊस नेहमीच्या वेळी आला असे धरले, तर हे महिने झाले. ती काही बोलत नाही. तिच्या तोंडी एकही शब्द घातलेला नाही. कुरुक्षेत्रावर गांधारी बोलते, शाप देते. रिस्पा फक्त पाखरे हाकते. राजाच्या कानावर हे गेले, तेव्हा दावीद हलला. त्याने शौल आणि योनाथान यांच्या अस्थी आणल्या, या सात जणांच्या अस्थी गोळा करवल्या आणि शौलाच्या बापाच्या थडग्यात त्यांचे दफन झाले. आता इथे बारकाईने पाहण्यासारखे आहे. सात बळी दिल्याबरोबर दुष्काळ संपला, असे लेखक लिहीत नाही. दफन झाल्यानंतर देवाने देशासाठी केलेली विनवणी ऐकली, असे तो लिहितो.

ज्या लेखकाने ही बाई वगळली नाही, त्याला आपल्या राजाचा फक्त पोवाडा गायचा नव्हता. इफ्ताहच्या मुलीसाठी इस्राएलच्या मुली दर वर्षी चार दिवस शोक करत, हेही असेच नोंदवलेले आहे. शास्ते पुस्तक तर एकाहून एक भयंकर प्रसंगांतून उतरत जाते आणि जो तो आपल्याला योग्य वाटेल ते करत होता, या अर्थाच्या वाक्यावर संपते. हिंसेचे वर्णन करणे आणि हिंसेचा पुरस्कार करणे यांतला फरक इथे मूळ लेखकच दाखवून देतो.

ख्रिस्ती वाचनाची किल्ली मात्र लूकच्या नवव्या अध्यायात आहे. येशू जेरुसलेमकडे निघाला आहे. वाटेतले एक शोमरोनी गाव त्याला थारा देत नाही. याकोब आणि योहान हे शिष्य चिडून विचारतात, आकाशातून अग्नी पाडून यांना भस्म करू का? हे त्यांच्या डोक्यातून आलेले नाही. याच शोमरोनाच्या राजाने पाठवलेल्या पन्नास-पन्नास शिपायांवर एलियाने दोनदा आकाशातून अग्नी पाडला होता. शिष्य शास्त्राला धरूनच बोलत होते. काही दिवसांपूर्वीच त्यांनी डोंगरावर एलियाला येशूशी बोलताना पाहिलेले. येशू वळून त्यांना दटावतो आणि सगळे दुसऱ्या गावाला जातात. इतकेच. एलियाला तो नाकारत नाही, पण त्याच्या उदाहरणाने वागायचे शिष्यांना बंद करतो.

नासरेथच्या सभास्थानातही असेच घडले. यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायातून वाचताना येशू कृपेच्या वर्षापाशी थांबला; त्यापुढचा सूड घेण्याच्या दिवसाचा उल्लेख त्याने वाचला नाही. वर एलिया आणि अलीशा यांच्या आठवणी काढल्या त्या परक्यांवर दया केल्याच्या: सारफथची विधवा आणि कोडी नामान. गावकरी त्याला कड्यावरून लोटायला निघाले. मत्तयने येशूची वंशावळ दिली, तीत राहाब कनानी आणि रूथ मोआबी मुद्दाम घातल्या आणि बथशेबाचे नाव न घेता तिला उरियाची बायको म्हटले. म्हणजे ज्यांचा समूळ नाश करायचा होता, त्यांचे रक्त येशूच्या अंगात आहे आणि दावीदाचा गुन्हा पहिल्याच पानावर आहे.

या वाचनाला अडचणी नाहीत असे नव्हे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय गिदोन, शमशोन, इफ्ताह आणि दावीद यांना विश्वासाचे वीर म्हणून गौरवतो, इफ्ताहच्या मुलीचे नावही न काढता. प्रकटीकरणात रक्ताचे पाट वाहतात. पण तिथला विजेता वधलेला कोकरा आहे. या अडचणी लपवू नयेत. मात्र चार शुभवर्तमानांतला येशू आणि यहोशवाच्या तलवारीची आज्ञा समोरासमोर आली, तर ख्रिस्ती माणसाने कुणाकडे पाहून कुणाला समजून घ्यायचे, याचे उत्तर शिष्यांना त्या शोमरोनी गावाबाहेरच मिळाले होते.

यहुदी परंपरेनेही हा प्रश्न आपल्या परीने सोडवला आणि तोही ख्रिस्ती लोकांची वाट न पाहता. मिश्ना या यहुदी ग्रंथात एका रब्बीचा निर्वाळा आहे की, अश्शूरच्या सन्हेरीबने सगळी राष्ट्रे एकमेकांत मिसळून टाकली. म्हणून जुन्या राष्ट्रांविरुद्धचे नियम आता कुणाला लावता येत नाहीत. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने तर एलियाला पार वेगळ्या रूपात जपले. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याचा रथ टेकल्याची खूण दाखवतात आणि घरोघरी मालिदा करून त्याचे नाव घेतले जाते, ते आशीर्वादासाठी आणि नवस फेडण्यासाठी.

कॅथोलिक चर्चने १९६५च्या व्हॅटिकन परिषदेत मान्य केले की, जुन्या करारात अपूर्ण आणि त्या काळापुरत्या गोष्टीही आहेत. २०१० साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी बायबलमधल्या काळोख्या परिच्छेदांवर स्वतंत्रपणे लिहिले: देवाने आपले मन त्या-त्या काळच्या नैतिक पातळीवर हळूहळू उलगडले आणि हे परिच्छेद टाळण्याऐवजी ख्रिस्ताच्या प्रकाशात वाचायला शिकवावे. गंमत अशी की, याच चर्चने १९७१च्या दैनंदिन प्रार्थनाग्रंथातून ५८, ८३ आणि १०९ ही शाप देणारी तीन स्तोत्रे पूर्ण वगळली आणि १३७व्या स्तोत्राचा बाबेलच्या बाळांवरचा शेवट कापला. वगळण्यामागचा संकोच समजण्यासारखा आहे. निर्णय मात्र पटत नाही. ज्याचे घर जाळले गेले, त्याचा संताप प्रार्थनेत देवापुढे ओतायला जागा राहिली नाही, तर तो दुसरी जागा शोधतो.

वाचकाने दोन गोष्टी कराव्यात. यहोशवा, शमुवेल किंवा येहू यांचे नाव घेऊन आजच्या कुठल्याही लढाईचे समर्थन कुणी करू लागला, तर त्याच्यापुढे होशेयचा पहिला आणि लूकचा नववा अध्याय उघडून ठेवावा. दुसरी विनंती पाळकांना, धर्मगुरूंना आणि संडे स्कूलच्या शिक्षकांना. रविवारच्या वाचनांचे जे क्रम कॅथोलिक आणि बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांत वापरले जातात, त्यांत रिस्पा येत नाही. तिची गोष्ट दुसऱ्या शमुवेलाच्या एकविसाव्या अध्यायाच्या पहिल्या चौदा वचनांत आहे. ती एखाद्या रविवारी उपासनेत मोठ्याने वाचावी.